लाभ, दोन, तीन

त्या सोमवारी नव्या वस्तीच्या अंगणवाडीत तेरा मुलं होती. पटावर चौदा, पण एकाला ताप होता. तेरापैकी अकरा जणांना एक ते शंभर तोंडपाठ होतं, तेही एका दमात, मान डोलावत, शेवटच्या शंभरावर टाळी देऊन. सेविका उर्वशीनं एकेकाला खिडकीपाशी बोलावलं, समोर चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हटलं, "यातले मले चार दे." चौघांनी मूठभर दिले. तिघांनी अख्खी वाटी पुढे सरकवली. दोघांनी दोन-दोन दिले, एकानं एक दिला, एक नुसती रडली. बरोबर चार देणाऱ्या दोघीच निघाल्या.

राजदीप रोज सगळ्यांपुढे उभा राहून अंकांना सुरुवात करून द्यायचा. त्यानं अख्खी वाटी दिली होती, आणि देताना "एक, दोन, तीन, चार" असं अगदी स्पष्ट म्हटलं होतं.

हे सगळं सुरू झालं ते खिचडीवरून. आदल्या शुक्रवारी उर्वशीनं राजदीपला चार ताटल्या आणायला सांगितल्या, तर तो छातीशी सगळी चळत धरून आला. मदतनीस मथुराबाई पोट धरून हसली. "घ्या, पाहुणे आले वाटते आपल्याकडे." उर्वशी मात्र हसली नाही. ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. प्रयोगशाळेत शेवटच्या थेंबाला रंग बदलला की हात थांबवायची तिला सवय होती, आणि न जुळणारी गोष्ट समोर आली की अंगात काटा रुतल्यासारखं व्हायचं. शनिवार-रविवार तिला घरात चैन पडली नाही. भावाला तिनं चार चमचे आणायला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "बरी आहेस ना?"

पावसाळ्यात ती इथं रुजू झाली तेव्हा आधीच्या सेविकेनं निवृत्त होताना एक कपाट, एक वजनकाटा आणि हे एक ते शंभर तिच्या हवाली केलं होतं. वस्तीला त्याचा अभिमान होता. रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा ऐकायला क्षणभर थांबत.

आणि नेमकं आत्ताच त्या अभिमानाला धक्का लावणं परवडणारं नव्हतं. बोरी अरबच्या एका नर्सरीची पिवळी गाडी दिवाळीपासून वस्तीच्या कोपऱ्यावर यायला लागली होती. पाच घरांनी गाडीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. बैठकीत मुख्यसेविका विमलताईंनी उर्वशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पट दहाच्या खाली गेला, की तुझं केंद्र गावातल्या मोठ्या अंगणवाडीला जोडतील. माझ्या हातात काही नाही." मोठी अंगणवाडी नाल्याच्या पलीकडे. तीन वर्षांचं लेकरू एकटं तिथं जाणार नाही, आणि मजुरीला जाणारी आई त्याला सोडायला थांबणार नाही. म्हणजे जोडणं हे नुसतं नाव, खरं तर बंदच. चौदातून पाच गेले की उरतात नऊ. हे गणित उर्वशीच्या डोक्यात दिवसभर बिनआवाजाच्या घड्याळासारखं चालू असे.

"महिन्याच्या शेवटी पालक मेळावा घे," विमलताई म्हणाल्या होत्या. "मी येते. पोरांकडून शंभरपर्यंत खणखणीत म्हणून घे. पालकांना तेवढंच लागतं."

मंगळवारी सकाळी राजदीप सवयीनं पुढे येऊन उभा राहिला, छाती फुगवली, तेव्हा उर्वशी म्हणाली, "आज नाही."

मथुराबाईनं तांदळातून मान वर केली. "नाही म्हणजे?"

"मावशी, त्याईले शंभर येते, पण चार येत नाही."

"येईन ना मोठेपणी. तुले कोणती घाई झाली? मेळावा तोंडावर आला अन् तू दुकानाचं शटर खाली ओढून राह्यली."

"दुकानात माल नाही ना, मावशी."

"गिऱ्हाईकाले कुठं माहीत हाय ते?" मथुराबाई म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

चार देणाऱ्या दोघींपैकी एक सहा वर्षांची होती, जूनमध्ये पहिलीत जाणारी. तिचं नवल नव्हतं. दुसरी अंजू, साडेचार वर्षांची, आणि शंभर न येणाऱ्या दोघांमध्ये तिची गणना होती. तिला तर पाचपर्यंतही धड म्हणता येत नाही असं उर्वशी समजून चालली होती. कारण अंजू एक म्हणतच नसे. ती म्हणायची, "लाभ." मग तेच पुन्हा, "लाभ, लाभ, लाभ," आणि कितीतरी वेळानं, "दोन, दोन, दोन." मुलं खिदळायची. उर्वशीनं पोळ्याच्या सुमारास तिच्या आईला, सलोनीला, सांगितलंही होतं की पोरगी अडखळते, घरी जरा सराव घ्या. दुरुस्त केलं की अंजू गप्प व्हायची, म्हणून हळूहळू तिला विचारणंच बंद झालं होतं.

आणि त्याच अंजूनं सोमवारी चार चिंचोके एकेक करून उर्वशीच्या तळहातावर ठेवले होते. मंगळवारी उर्वशीनं पुन्हा तपासलं. पाच मागितले, दिले पाच. सहा मागितले, दिले सहा. सातही बरोबर आले. आठाला चूक झाली. योगायोग एवढा लांब टिकत नाही. उर्वशी खिडकीशी उभी राहून नख कुरतडत राहिली. मुलांना सोडून दिल्यावरही तिचा पाय घराकडे वळेना. ती सरळ पुंडलिकरावांच्या, अंजूच्या आजोबांच्या, घरी गेली.

अंगणात ताडपत्रीवर तुरीचा ढीग होता. डाळ करायला किती काढायची आणि बियाण्याला किती ठेवायची, याचं माप चाललं होतं. पुंडलिकराव उकिडवे बसून पायलीनं पोत्यात तूर टाकत होते आणि अंजू पोत्याचं तोंड धरून उभी होती. दोघं मिळून म्हणत होती, "लाभ, लाभ, लाभ, लाभ..." पायली ढिगात घुसली, भरली, वरून हातानं सपाट झाली, उचलली गेली, तोपर्यंत लाभच. तूर पोत्यात सळसळून पडली, आणि मगच, "दोन, दोन, दोन..."

उर्वशी फाटकातच थांबली. त्यांचं अकरा होईपर्यंत ती हलली नाही.

"या मॅडम," पुंडलिकराव म्हणाले. "काय झालं? पोट्टीनं काही केलं काय?"

"नाही, आबाजी. पहिल्या मापाले लाभ काहून म्हणता?"

"बाबा म्हणत, म्हणून मी म्हणतो. राशीवर बसून एक म्हणू नये." मग त्यांचा चेहरा जरा पडला. "तिकडे बी म्हणते काय हे? सून सांगत होती. तिले दहादा सांगतलं, बाई, घरचं घरी ठेव, शाळेत एक म्हणाव. आयकतच नाही."

"असू द्या ना. तिले मोजता येते, आबाजी. बाकीच्याईले येत नाही."

"कायले थट्टा करता गरिबाची," पुंडलिकराव म्हणाले. "त्या राजदीपले शंभर येते. आमची लाभावरच बसली."

तेवढ्यात अंजूचा बाप अक्षय मोटारसायकलवरून आला. दारव्ह्याच्या एका कृषी केंद्रात तो कामाला होता, आणि बोलताना त्याची नजर सारखी मोबाईलवर जायची. "मॅडम, एक विचारू? राग नका मानू. तिथं ए फॉर ॲपल सुरू कधी होणार हाय?"

"तिले सातपर्यंत वस्तू मोजता येतात, अक्षयभाऊ. या वयात हे..."

"सात," अक्षय म्हणाला. "माझ्या दुकानमालकाचा नातू तिच्याएवढाच हाय. तो इंग्रजीत पन्नास म्हणते." त्यानं गाडीची चावी बोटाभोवती फिरवली. "पाहू मेळाव्याच्या दिवशी."

परतीच्या वाटेवर उर्वशी एकटीच बोलत चालली होती. पुंडलिकरावांची जीभ हाताची वाट पाहत होती. तूर पोत्यात पडेपर्यंत पुढच्या अंकाला तोंडातून बाहेर पडायची परवानगीच नव्हती. आणि अंगणवाडीतल्या जिभा हातांना मागं सोडून केव्हाच शंभरावर पोचल्या होत्या. चार म्हणजे राजदीपसाठी तीनच्या पुढचा आवाज होता. अंजूसाठी ते चार वेळा काहीतरी पडणं होतं. असं असेल का? असेलच असं नाही. कदाचित अंजू मुळातच वेगळी असेल. एका पोरीवरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण करून पाहता येत होतं, आणि मेळाव्याला अजून अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी तिनं बांधकामावर उरलेली दोन घमेली रेती मागून आणली. सहा वाट्या, सहा डबे. नियम एकच. वाटी भरायची, हातानं सपाट करायची, डब्यात ओतायची, आणि ओतेपर्यंत तोच अंक म्हणत राहायचं. ओतल्याशिवाय पुढचा अंक नाही. पहिल्याला एक म्हणायचं की लाभ, यावर ती सकाळपासून घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "घरी जे म्हणत असान ते म्हणा." तिघं लाभ म्हणाली, बाकीची एक. खोलीत असा गलका उठला की मथुराबाईनं कुकरची शिट्टी ऐकू येत नाही म्हणून चूल बाहेर नेली.

पहिले चार दिवस सगळं फसलं. मुलं ओतायच्या आधीच तीनावर धावायची. राजदीपला तर थांबणं म्हणजे शिक्षाच वाटे. तो तोंडानं वीस गाठायचा, डब्यात दोन वाट्या असायच्या. उर्वशी त्याच्या शेजारी बसून त्याचा हात वाटीवर दाबून धरायची. तिला स्वतःलाच धीर नव्हता. दर तासाला तिला वाटे की आता चिंचोक्यांची परीक्षा घ्यावी, आणि दर तासाला ती हात आवरायची. सारखं मोजलं तर मुलं मोजण्याऐवजी परीक्षाच शिकतील.

हातपंपावर राजदीपची आई शीला भेटली. दोघी एकाच गल्लीतल्या. बुद्धविहारातल्या वाचनवर्गाला लहानपणी सोबत बसलेल्या, त्यामुळं भीडमुर्वत नव्हती.

"जय भीम, मॅडम," शीला मॅडम या शब्दावर जोर देत म्हणाली. "कॉलेज शिकून आली अन् माह्या पोराले रेती मोजाले लावते. रेती मोजासाठी ठेकेदार कमी हायेत काय?"

"मेळाव्यापर्यंत थांब, शीला."

"घरी येऊन माह्या कणकीचं माप घेऊन राह्यला. अर्धी कणीक वसरीत. अन् शंभर म्हणाले सांगतलं तर म्हणते, 'कायचे शंभर?' कायचे म्हणजे काय, बापा? शंभर म्हणजे शंभर."

उर्वशीच्या हातातली कळशी भरून वाहू लागली, तरी तिला कळलं नाही. "त्यानं असं विचारलं? कायचे?"

"वरून खूश होऊन राह्यली," शीला बाजूच्या बायकांना म्हणाली. "मी सांगून ठेवते बाई, मेळाव्यात माह्या पोराचं हसं झालं, तर सोमवारी तो गाडीत बसते. मले बी शौक नाही, पण त्याचे आजोबा ढोरामागं गेले, बाप सेंट्रिंगवर जाते. पोरगा तरी पुढं गेला पाह्यजे का नाही?"

उर्वशीच्या आईनंही हेच म्हणत तिला शिकवलं होतं.

मेळाव्याच्या शनिवारी खोली भरून माणसं दारापर्यंत आली. विमलताई खुर्चीवर, आया सतरंजीवर, बाप लोक भिंतीला टेकून उभे. पुंडलिकराव टोपी सारखी करत दाराशी बसले होते. विमलताईंनी हसून सुरुवात केली, "चला, शंभरपर्यंत होऊन जाऊ द्या."

"ताई, आज दुसरं दाखवते," उर्वशी म्हणाली.

"ते दाखवच. आधी हे."

मथुराबाईला राहवलं नाही. कोपऱ्यातून तिनं पोरांना इशारा केला आणि स्वतःच ठेका धरला, "एक..." मुलांनी उचललं. एक, दोन, तीन. नऊ-दहापर्यंत बरं चाललं. मग आवाज विस्कटला. राजदीप पुढे उभा होता, तो चौदावर थांबला आणि इकडेतिकडे पाहू लागला, जणू हातात काहीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं. मागची पोरं त्याच्याकडे पाहून थांबली. कुणीतरी हसलं.

"गेलं शंभर," भिंतीपाशी कुणी म्हणालं. "रेतीत बुडालं."

विमलताईंनी उर्वशीकडे पाहिलं. शीलानं पदर तोंडाला लावला होता. उर्वशीचे कान तापले, पण आता मागे फिरायला जागाही नव्हती. तिनं चिंचोक्यांच्या वाट्या पुढे ठेवल्या. "तुमच्या लेकराले तुम्हीच मागा," ती म्हणाली. "दहाच्या आत कितीबी. मी बोलणार नाही. आपल्या हातानं मोजून घ्या."

कुणी पुढे होईना. शेवटी शीलाच म्हणाली, रागानंच, "राजदीप, सहा आण."

राजदीप वाटीपाशी बसला. एक चिंचोका उचलला, आईच्या हातावर ठेवेपर्यंत "एक, एक, एक." मग परत वाटीपाशी. खोलीत चुळबुळ सुरू झाली. एवढा वेळ कोण थांबणार? सहावा ठेवला आणि तो उभा राहिला. शीलानं तळहात पाहिला. मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "नऊ आण." त्यानं आणखी तीन आणून ठेवले आणि आईचा हात मिटवला.

"पहिल्यापासून नाही आणले काय?" विमलताई पुढे वाकून म्हणाल्या.

"सहा होते ना," राजदीप म्हणाला.

मग मात्र सगळ्याच आया सरसावल्या. पाच आण, आठ आण, एक बी नको आणू. या शेवटच्यावर एक पोरगी गोंधळून रडायला लागली आणि तिच्या आईला बाकीच्यांनी रागावलं. काही चुकले. दोघांनी मूठच भरून आणली. उर्वशी बोटांवर जोडत होती. तेरापैकी नऊ बरोबर.

अक्षय भिंतीपासून सुटून पुढे आला. "अंजू," तो म्हणाला, "एकवीस आण."

"दहाच्या आत म्हटलं होतं," उर्वशी म्हणाली.

"आणू द्या ना, मॅडम. मोजता येते म्हणता तुमी."

अंजूनं वाटी घेतली. बापाच्या हातापर्यंत तिचा हात पुरत नव्हता म्हणून ती त्याच्या बुटापाशी जमिनीवर रचू लागली. "लाभ, लाभ, लाभ..." बाप लोकांमध्ये हशा पिकला. पुंडलिकरावांनी मान खाली घातली. अंजूनं कुणाकडे पाहिलं नाही. दोन झाले, तीन झाले. सातानंतर उर्वशीनं श्वास धरला. आठ. नऊ. दहा. अकरा. मग अंजूनं वाटी उलटी केली, तिच्यात डोकावून पाहिलं आणि बापाकडे मान वर केली.

"सरले."

"एकवीस सांगतले होते ना मी?"

"नाहीत ना, पप्पा. अकराच हायेत."

मथुराबाई खो खो हसली, आणि तिच्यामागून अर्धी खोली हसली. विमलताईंनी खुर्चीतून उतरून ते चिंचोके स्वतः मोजले. अकरा होते. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण अक्षयनं आधीच अंजूला कडेवर उचललं होतं.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "हे सगळं ठीक हाय. पण तिनं एक काहून नाही म्हटलं?"

उर्वशीनं समजावलं. लाभ म्हटलं तरी तो पहिलाच, दोन त्याच्या पुढेच येतात, पोरीला संख्या कळते, शब्द नंतर सहज बदलेल. ती भराभर बोलत होती, आणि बोलता बोलताच तिला दिसत होतं की अक्षय ऐकत नाही. त्याला अजूनही भिंतीजवळचं हसू ऐकू येत होतं. दाराशी पुंडलिकराव चपला शोधत होते.

"मीच बिघडवलं तिले," ते उर्वशीला म्हणाले.

"नाही हो, आबाजी. उलट तिच्यामुळंच..."

"जाऊ द्या. तुमी चांगल्या आहा." आणि ते मुलाच्या मागोमाग निघून गेले.

विमलताई जाताना म्हणाल्या, "नऊ बरोबर आले म्हणतेस. आधी किती होते?"

"दोन. पण तेव्हा फक्त चार मागितले होते, आणि आज ज्याचं त्यानं वेगवेगळं मागितलं. तुलनेला दुसरा गटही नव्हता. बारा दिवसांत मुलं आपोआप थोडी वाढतातही."

"माझ्याशी बोललीस ते ठीक," विमलताई म्हणाल्या. "वरिष्ठांपुढे एवढं खरं बोलू नको."

रविवारी उर्वशीनं वाट्या घासल्या, डबे घासले, रेती चाळली, पुन्हा चाळली. घरात आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिला सारखं वाटत होतं की अक्षयकडे जावं, आणि सारखं वाटत होतं की जाऊ नये. संध्याकाळी ती निघाली, अर्ध्या वाटेवरून परत आली.

सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली आणि दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली. कोपऱ्यावर पिवळी गाडी येऊन थांबली होती. मथुराबाई झाडू हातात घेऊन तिच्या मागं आली.

"आत ये ना वं. पाहून जाणारे कमी होणार हायेत काय?"

उर्वशी आत गेली नाही. गाडीचा हॉर्न वाजला. शीला राजदीपचा हात धरून गल्लीतून आली, गाडीपाशी थांबली, गाडीवाल्याशी काही बोलली आणि तशीच पुढे चालत आली. मग एकेक करून बाकीची. तापातून उठलेला पोरगाही आला, अंगात स्वेटर, नाकाला शेंबूड. गाडी निघून गेल्यावर उर्वशीनं आत वळून मोजलं.

अंगणवाडीत बारा. गाडीत दोन, त्यातली एक अंजू.